गोल नसलेल्या दोन फायनल

मे महिना आला की युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या सर्वोत्तम फायनलच्या याद्या फिरायला लागतात. पहिला मान इस्तंबूल 2005 चा. मिलान 3-0 पुढे असताना लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तिन्ही गोल फेडले. मग 1999, मँचेस्टर युनायटेडचे अगदी शेवटचे दोन गोल. जरा जुना जाणकार असेल तर 1960 चं ग्लासगो: रिआल माद्रिद 7, फ्रँकफर्ट 3, त्यात पुश्कासचे चार आणि दि स्टेफानोचे तीन. सगळं मान्य.

तरी माझ्या मते या स्पर्धेच्या सर्वात मोलाच्या दोन फायनल कुठल्याच यादीत नसतात. सेव्हिल 1986 आणि बारी 1991. दोन्हींत जादा वेळ धरून 120 मिनिटांत एकही गोल नाही. दोन्ही रटाळ, त्यात वादच नाही!

सेव्हिलला बार्सिलोना खेळत होतं. तोवर हा कप (चॅम्पियन्स लीगचं तेव्हाचं नाव युरोपियन कप) त्यांना एकदाही मिळाला नव्हता. 1961 ला बर्नमध्ये बेनफिकाविरुद्ध चेंडू पुन्हा पुन्हा चौकोनी गोलपोस्टवर आदळला आणि ते 3-2 हरले. आता तर फायनल स्पेनमध्येच, स्टेडियम त्यांच्याच माणसांनी भरलेलं. समोर रुमेनियाच्या लष्कराचा क्लब, स्तेआवा बुखारेस्ट. अकराच्या अकरा रुमेनियन. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राज्यात मॅच बघायला परदेशी जाणं हे साध्या माणसाचं काम नव्हे, त्यामुळे त्यांच्या बाजूनं ओरडणारे अगदी मूठभर. बार्सिलोनाचे कोच व्हेनेबल्स यांनी शेवटच्या काही मिनिटांत मिडफिल्डर शुस्टरला बाहेर काढलं, तर तो पठ्ठ्या रागारागानं स्टेडियमच सोडून गेला.

मग पेनल्टी. दोन्ही संघांच्या पहिल्या दोन-दोन वाया गेल्या. स्तेआवाच्या लाकातुश आणि बालिंतनं नंतर गोल केले. आणि त्यांचा गोलकीपर हेल्मुट दुकादाम? बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी त्यानं अडवल्या. चारपैकी चार. पूर्व युरोपात हा कप पहिल्यांदा गेला तो असा. पुढे काही आठवड्यांतच दुकादामच्या हातात रक्ताची गुठळी झाली आणि त्याची मोठी कारकीर्द जवळपास तिथेच थांबली. 2024 च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा आपल्याकडे फारशी कुणी दखल घेतली नाही.

त्या संघात बचावाला मिओद्राग बेलोदेदिच होता. रुमेनियातल्या सर्ब घरातला मुलगा, लहानपणापासून युगोस्लाव्हियाच्या राजधानीतल्या, बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबचा चाहता. 1988 च्या अखेरीस तो युगोस्लाव्हियात पळाला तो परतलाच नाही. मायदेशी त्याच्या गैरहजेरीत त्याला देशद्रोहाची शिक्षा झाली, वर वर्षभर खेळायला बंदी. बंदी संपली आणि तो रेड स्टारकडून खेळू लागला.

29 मे 1991, इटलीतलं बारी. रेड स्टारसमोर फ्रान्सचा मार्से क्लब. रेड स्टारकडे प्रोसिनेच्की, साविचेविच, पान्चेव, मिहायलोविच, युगोविच. सेमीफायनलला याच पोरांनी बायर्नला म्युनिकमध्ये जाऊन हरवलं होतं. पण फायनलला कोच पेत्रोविचनं दार लावून घेतलं. मार्सेकडे पापँ, वॉडल, अबेदी पेले, त्यांच्याशी उघड्यावर कोण भिडणार? शेवटी पुन्हा पेनल्टी. मार्सेच्या आमोरोसची पहिलीच अडवली गेली. रेड स्टारच्या पाचही आत, तिसरी बेलोदेदिचची. मार्सेचा स्टोयकोविच आदल्याच वर्षी रेड स्टार सोडून आलेला. जुन्या क्लबविरुद्ध पेनल्टी मारायला त्यानं नकार दिला. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून फायनलला मैदानात उतरून हा कप जिंकणारा पहिला खेळाडू बेलोदेदिच. त्याच्या दोन फायनल मिळून 240 मिनिटं, गोल शून्य.

महिन्याभरात स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. पुढच्या मोसमात रेड स्टारला घरच्या मॅचसुद्धा देशाबाहेर खेळाव्या लागल्या. संघ विखुरला. प्रोसिनेच्की रिआलला, साविचेविच मिलानला, पान्चेव इंटरला.

आता असा संघ फायनलला दिसत नाही. 1995 च्या बॉसमन खटल्यात युरोपियन न्यायालयानं दिलेल्या निकालानं युरोपियन युनियनच्या देशांतल्या परदेशी खेळाडूंवरची मर्यादा मोडली. 1997 पासून मोठ्या लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघालाही प्रवेश मिळाला. 1999 च्या त्या गाजलेल्या फायनलमधले दोन्ही संघ आदल्या मोसमात आपापल्या देशात दुसरे आलेले होते, हे याद्यावाले कधी सांगत नाहीत. 2004 ला पोर्तुगालचं पोर्तो जिंकलं. त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी, फ्रान्स सोडून बाहेरच्या कुणालाही कप मिळालेला नाही.

मात्र जुनं ते सोनं म्हणून गळा काढायलाही मी तयार नाही. स्तेआवाचा संघ एकत्र राहिला कारण खेळाडूंना देश सोडायची मुभाच नव्हती. 1989 ला चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि बेलोदेदिचसारख्या पुढच्या पोरांना चोरून सीमा ओलांडावी लागली नाही, हे चांगलंच झालं. माझा राग खेळाडूंच्या मोकळीकीवर नाही, पैशाच्या वाटपावर आहे. दरवर्षी तेच क्लब आत येणार, तेच बक्षिसाची रक्कम नेणार आणि त्याच रकमेतून बेलग्रेडचा विशीतला पोरगा विकत घेणार. पोरगा जाऊ दे की, पण त्याच्या मागे क्लबकडे पुढचा संघ उभा करण्याएवढं तरी काही उरायला हवं.

ज्यांना वेळ आहे त्यांनी सेव्हिलचं शूटआउट यूट्यूबवर शोधून बघा. आख्खी मॅच बघू नका, झोप येईल.