पोहण्याच्या कापडी लंगोटात शोषणारा थर का नाही?

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यामागची काळजीही रास्त आहे, म्हणून उत्तरही जरा विस्ताराने देत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे की, बाळासाठी पोहण्याचा कापडी लंगोट घरी शिवण्याची जी कृती मी दिली, तिच्यात शोषून घेणारा एकही थर नाही. असा लंगोट घालून मूल सोसायटीच्या तलावात उतरवणे म्हणजे इतरांच्या आरोग्याशी खेळणे होय. त्यापेक्षा बाजारातला वापरून टाकायचा डायपर घ्यावा, नाहीतर घरचा सुती लंगोट दुहेरी बांधून वर घट्ट चड्डी चढवावी.

शोषणारा थर मी मुद्दाम वगळला आहे. नेहमीच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण असतात आणि ते लघवी आणि तलावाचे पाणी यांत फरक करत नाहीत. बाळ पाण्यात उतरताच डायपर तलावाचेच पाणी पिऊन फुगतो, जड होतो, खाली ओघळतो आणि जिथे तो घट्ट बसायला हवा त्या मांडीपाशीच फट पडते. खास पोहण्यासाठी म्हणून जे वापरून टाकायचे डायपर मिळतात, ते फुगत नाहीत, कारण त्यांत शोषणारा माल फारसा नसतोच; म्हणजे लघवी तेही धरून ठेवत नाहीत. सुती लंगोटाचेही तेच. सुती कापड भिजून लोंबते, त्रिकोणी लंगोटाची गाठ पाण्यात सैल होते, आणि वरची चड्डी कितीही घट्ट असली तरी आत जमा झालेले पाणी हालचालीबरोबर बाहेर येताना सगळे घेऊनच येते.

लघवीविषयीचा आपला आक्षेप मात्र मी उडवून लावत नाही. लघवी आणि घाम यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. तलावाचा तो उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर बव्हंशी त्यांचीच. यावर कापडाचा उपाय नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी बाळाला शू करवणे आणि पाण्यातून वारंवार बाहेर काढणे, एवढेच आपल्या हाती आहे. तलावाकडे जाताना रिक्षात हा लंगोट घालून बाळाला मांडीवर घेऊ नये, हेही ओघाने आलेच.

खरा प्रश्न शौचाचा आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दिलेल्या आकडेवारीनुसार, योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यात ई. कोलाय जंतू एका मिनिटाच्या आत मरतात, हिपॅटायटिस अ चा विषाणू सुमारे 16 मिनिटे आणि जिआर्डिया हा जुलाब घडवणारा परजीवी सुमारे 45 मिनिटे टिकतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा तसाच दुसरा परजीवी मात्र दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. त्यामुळे जुलाब होत असलेल्या मुलाला कुठलाही लंगोट घालून, घरचा असो वा दुकानातला, तलावात नेऊ नये. लंगोट घट्ट विष्ठा अडवतो आणि बाळाला बाहेर काढायला थोडा अवधी देतो. जंतू तो रोखत नाही. केवळ दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाची शी पातळ असते, म्हणून त्या वयात तलाव टाळावा असेच माझे मत आहे.

तेव्हा सारी भिस्त मापावर आणि इलॅस्टिकवर येते. बाहेरून पीयूएल, म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेले कापड, आणि आतून पॉलिएस्टरच्या बारीक जाळीचे अस्तर, एवढे दोन थर पुरेत. पीयूएलला पडलेले भोक बुजत नाही, म्हणून टाचण्या लावायच्याच असतील तर शिलाईबाहेरच्या मार्जिनमध्ये लावाव्यात. मी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटेच वापरते. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती दोऱ्यातून ओल झिरपते. सुई बोथट टोकाची, होजिअरीसाठी मिळते ती, आणि टीप थोडी लांब ठेवावी. चकचकीत बाजू मशीनच्या पायाला चिकटते. तिथे पतंगाचा कागद ठेवून टीप मारावी आणि नंतर कागद फाडून काढावा. इलॅस्टिक नेफ्यात नुसते ओवू नये, ते ताणून झिगझॅग टिपेने पक्के करावे. मांडीला ते सगळीकडून टेकले पाहिजे, पण लाल वळ उठता कामा नये. बाजूंना टिचबटणे हवीतच. खराब झालेला लंगोट पायांवरून ओढून काढण्याचा प्रसंग ज्यांनी एकदा अनुभवला आहे, त्यांना कारण सांगावे लागणार नाही.

मुंबईत हे सामान मिळणार नाही, असेही आपण लिहिले आहे. जाळीचे आणि ताणाचे कापड मंगलदास मार्केटच्या परिसरात, तर इलॅस्टिक आणि टिचबटणे भुलेश्वरला शोधावीत. पीयूएल हाच प्रकार गल्ल्यांतून सहज हाती लागत नाही, तो ऑनलाइन मागवणे सोपे.

लंगोट बदलायचा तो तलावाच्या काठावर कधीच नाही, स्वच्छतागृहात. आणि तिथल्या शॉवरखाली धुवायचाही नाही. शी शौचकुपात टाकून लंगोट बंद पिशवीतून घरी आणावा आणि साबणाने धुवावा. त्यावर इस्त्री फिरवू नये. शी झालेली नसली तरी तो साध्या पाण्यातून लगेच काढावा, क्लोरीनने इलॅस्टिक लवकर मरते. पाण्यात जाण्याआधी दर वेळी इलॅस्टिक ताणून पाहावे, आणि सोडल्यावर ते झटकन मागे आले नाही, तर तो लंगोट त्या दिवशी घालू नये.