जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे हो!

गेमबॉयची, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या जुन्या गेम-यंत्राची, कुठलीही जुनी कार्ट्रिज (गेम असलेली प्लॅस्टिकची डबी) विकायला निघाली की वर ठोकून दिलेलं असतं, 'अतिदुर्मीळ'! अमेरिकेत 1989 साली गेमबॉयच्या खोक्यातच मिळालेला टेट्रिस हा गेम कसला आलाय दुर्मीळ? साडेतीन कोटींच्या आसपास प्रती खपल्यात त्याच्या. पण नाही, किंमत सांगायची ती आभाळाला भिडणारी. आणि पुरावा काय, तर दुसऱ्या कुणीतरी तेवढीच मागितलीय. अरे, मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे! प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा ना.

त्याहून संताप येतो तो नकली मालाचा. परवा पोकेमॉन एमराल्ड या गेमची कार्ट्रिज 'एकदम ओरिजिनल' म्हणून हाती आली. लेबल तिरकं करून उजेडात धरलं. अस्सल लेबलवर दाबून उठवलेला दोन आकडी पुसटसा ठसा असतो, तो इथे नावालाही नाही. खालच्या फटीतून सर्किट बोर्डावर निन्टेन्डो हे नाव दिसायला हवं, तेही गायब. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "गेम चालतोय ना?"

चालतोय! मग दुर्मीळ म्हणून चौपट पैसे कशाचे घेतलेस?