कंबर आणि अंडकोष एकत्र दुखणे : ‘उष्णता झाली’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळा लागला की नाशिक परिसरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हटकून फिरू लागतो. कंबर आणि अंडकोष एकाच वेळी दुखू लागले तर ती उष्णता असते किंवा नस चढलेली असते. तेलाने चोळावे, लंगोट कसून बांधावा, बियर प्यावी, दोन दिवसांत आराम पडतो, असा त्याचा आशय आहे.

आधी कारणाविषयी. गर्भावस्थेत वृषणे, म्हणजे अंडकोषातल्या दोन गोळ्या, मूत्रपिंडांजवळ तयार होऊन मग खाली उतरतात आणि आपल्या नसा वरूनच सोबत आणतात. म्हणून मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, खडा अडकला की कळ कुशीतून निघून जांघेमार्गे वृषणापर्यंत पोचते, मग वृषण पूर्ण निरोगी का असेना. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत भर उन्हात राबणाऱ्याची लघवी पाण्याअभावी दाट होते आणि खडे बनण्यास वाव मिळतो. उष्णतेचा संबंध असलाच तर एवढाच. मात्र मुतखड्याखेरीज वृषणामागच्या नलिकेचा जंतुसंसर्ग, आंतरगळ आणि कमरेच्या वरच्या मणक्यांतील नसेवरचा दाब हीदेखील कारणे असतात. वृषणात न दुखणारी कठीण गाठ आणि सोबत रेंगाळणारी पाठदुखी असेल, तर पोटामागच्या ग्रंथींत पसरलेल्या कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते.

‘दोन दिवस थांबा’ हा सल्ला सर्वांत घातक आहे. वृषणाला पीळ पडला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची चांगली शक्यता असते. 24 तासांनंतर ते बहुधा काढूनच टाकावे लागते. हा प्रकार किशोरवयात अधिक दिसतो, आणि लाजेपोटी मुलगा नुसते ‘पोट दुखते’ एवढेच सांगतो. अचानक तीव्र वेदना, उलट्या आणि एक वृषण वर ओढल्यासारखे दिसणे, एवढ्यावर थेट शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे. सुरगाणा-पेठकडून येणाऱ्याचा बराच वेळ रस्त्यातच जातो, त्यात चोळण्याची भर नको.

लंगोटाचा सल्ला मात्र अगदीच टाकाऊ नाही, कारण संसर्गाच्या सुजेत अंडकोषाला आधार दिल्याने दुखणे हलके होते. पण आधार देणे वेगळे आणि कसून आवळणे वेगळे. शिवाय खरा उपचार प्रतिजैविकांचा असतो आणि संसर्ग लैंगिक संबंधातून आला असेल तर जोडीदारालाही औषध घ्यावे लागते.

बियरने लघवी वाढते, खडा ढकलला जात नाही, आणि नंतर शरीरातले पाणी उलट कमी होते. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे वेदनाशामक आणि पुरेशा पाण्यावर आपोआप पडतात. मोठ्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया किंवा ध्वनिलहरींचा उपचार आहे. खड्याच्या कळेसोबत थंडी-ताप आला, तर अडलेल्या मूत्रपिंडात जंतू शिरलेले असू शकतात; अशा वेळी साचलेली लघवी नळी टाकून त्याच दिवशी बाहेर काढावी लागते.