'लपवण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यानं घाबरायचं कारण नाही. चाळीत वाढलेल्या आपल्या लोकांना प्रायव्हसी कधी लागली नाही, ते श्रीमंतांचं खूळ. गोपनीयतेचा कायदा कडक केला तर पोलिसांचे हात बांधले जातील. आणि २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झालेला असताना गोपनीयतेसाठी आणखी मागण्यांची मोहीम चालवणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही. हा मजकूर पाठवणारी माणसं ओळखीची आणि सज्जन आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

'लपवण्यासारखं काही नाही.' 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे फोनवरच 'तुम्हाला अटक झाली आहे' असं धमकावून पैसे उकळण्याच्या, नावाखाली या शहरात निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. त्यांनी काय लपवलं होतं? फोनवरचा तोतया पोलीस त्यांचा आधार क्रमांक, पत्ता, बँकेचं नाव खडाखडा सांगतो, म्हणून तर त्यांचा विश्वास बसतो. ही माहिती त्यांनी कधीतरी कुणाला तरी सरळपणे दिलेली असते: सिमकार्डच्या दुकानात, भाडेकराराच्या एजंटला, हॉटेलच्या काउंटरवर. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांचंही तेच. फोनमधले सगळे नंबर उचलून कर्जदाराच्या नातेवाइकांना छळण्याचे प्रकार इतके वाढले, की रिझर्व्ह बँकेला २०२२ मध्ये या अ‍ॅपांना कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायची मनाई करावी लागली. गोपनीयतेचा कायदा हवा तो दिलेल्या माहितीचा हिशेब मागता यावा म्हणून.

चाळीचा मुद्दा मला जवळचा वाटतो, आणि तो अर्धा खराही आहे. गिरगाव-लालबागच्या चाळीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं भांडण झालं, हे सगळ्या मजल्याला कळायचं. पण ते दुतर्फी होतं. जोशीकाकूंना आपलं माहीत, तसं आपल्यालाही जोशीकाकूंचं माहीत. त्यांनी वावगं काही पसरवलं तर गॅलरीत उभं राहून जाब विचारता यायचा. ज्या कंपनीला आपला पगार, औषधं आणि रात्री दोनला कुठे होतो हे ठाऊक आहे, तिची गॅलरी कुठे आहे?

आणि 'श्रीमंतांचं खूळ'? आपल्याच सोसायटीच्या गेटवर बघा. घरकामाला येणाऱ्या बाईंचा फोटो, आधारची झेरॉक्स, रोजची येण्याजाण्याची वेळ, सगळं अ‍ॅपमध्ये. काही ठिकाणी त्यांना स्टारही दिले जातात, आणि त्यावर त्यांचं पुढचं काम ठरतं. ही माहिती कुणाकडे जाते, चुकली तर कशी दुरुस्त करायची, हे त्यांना कुणी सांगत नाही. नको म्हटलं तर गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही. सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडूनच घेतली जाते, ज्यांना नाही म्हणायची सोय नाही. गोपनीयता ही मूठभरांची चैन आहे, गरिबांना त्याचं काय, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयातही झाला होता. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात तो युक्तिवाद स्पष्ट शब्दांत फेटाळला.

पोलिसांचे हात बांधण्याबद्दल थोडक्यात. मुंबईतल्या एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे आदेश मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. टॅपिंग कधीच करू नका, असं न्यायालयानं म्हटलं नाही. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कायद्यातली अट तिथे पूर्ण होत नव्हती, एवढंच. आजही टॅपिंगचा आदेश सरकारचा गृहसचिव देतो आणि तो तपासणाऱ्या समितीतही सरकारचे सचिवच असतात. या साखळीत एक न्यायाधीश असावा, ही मागणी पोलिसांच्या विरोधात कशी होते?

आता 'कायदा तर झाला' हा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त लोक फसतात. न्या. बी. एन. श्रीकृष्ण, म्हणजे १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारे तेच, यांच्या समितीनं २०१८ मध्ये पहिला मसुदा दिला. माहितीच्या गैरवापरानं नुकसान झालं तर त्या माणसाला भरपाई मागता येईल, असं त्यात होतं. २०२३ च्या कायद्यात ते नाही. दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात त्यातला रुपयाही येत नाही. एवढंच नव्हे, माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचं कलम ४३अ, जे निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागायची वाट देत होतं, तेही काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे. आयटी कायद्याखाली आपल्याकडे मंत्रालयात माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे दाद मागता येते, आणि बँकांनी ग्राहकांचे पैसे भरून द्यावेत असे आदेश तिथून निघालेले आहेत. उलट नव्या कायद्यात खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

शिवाय केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कुठल्याही यंत्रणेला सुरक्षा किंवा सुव्यवस्थेच्या कारणानं या कायद्यातून वगळू शकतं. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही केंद्र सरकारच करणार.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो क्रमाचा. २०२३ च्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. नागरिकांना हक्क देणारी मुख्य कलमं लागू व्हायला तिथून अठरा महिने. खासगी माहिती कधी नाकारता येते हे सांगणारं माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ज) बदलणारी याच कायद्यातली तरतूद मात्र लगेच लागू झाली. पूर्वी खासगी माहितीही व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे, आणि जी विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं कारण पुरतं. कलम ८(२) खाली जनहितासाठी माहिती देता येते, असं सरकार सांगतं. ते खरं आहे, पण तिथे 'देऊ शकेल' आहे, 'द्यावीच लागेल' नाही. घोटाळ्यामुळे गाजलेल्या कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत फ्लॅट कुणाकुणाला मिळाले हे बाहेर यायला माहिती अधिकाराचे अर्ज कामी आले होते. तशी सभासदांची यादी आज मागितली, तर पहिलं उत्तर काय येईल?

म्हणून या मोहिमेतल्या मागण्या अगदी नेमक्या आहेत: भरपाईचा हक्क परत द्या, मंडळ सरकारपासून स्वतंत्र ठेवा, पाळतीसाठी न्यायाधीशाची परवानगी लागू करा, आणि ८(१)(ज) पूर्वीसारखं करा. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांपैकी कुणाला यातली एखादी मागणी चुकीची वाटत असेल, तर कुठली आणि का, ते ग्रुपवर जरूर लिहा.