विकतच्या रांगेचा वाद आणि पदरात लहान मुलं

देणगी-दर्शनाचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या चर्चेत एक दाखला हमखास येतो: अमेरिकेत डिस्नेलासुद्धा पैसे भरून रांग टाळता येते, मग त्र्यंबकेश्वरच्या २०० रुपयांवर किंवा तिरुपतीच्या ३०० रुपयांवर एवढा गहजब कशाला? सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये व्हीआयपी दर्शनाविरुद्धच्या याचिकेत हस्तक्षेप करायला नकार देऊन हा प्रश्न मंदिर व्यवस्थापनांवरच सोडला.

इकडे अमेरिकेत राहणाऱ्याला हा दाखला अर्धवट वाटतो. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळण्याचा पास १९९९ पासून वीस वर्षं फुकट होता, तिकिटातच धरलेला. त्याला दर लागला तो २०२१ मध्ये, आणि इथल्या नेहमीच्या पाहुण्यांनाही तो झोंबला. पण लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा तसा दुय्यमच. चार-पाच वर्षांच्या मुलाचा दिवस तिथे तरतो तो विकतच्या रांगेमुळे नव्हे, तर कुणी फारसं न विचारणाऱ्या फुकटच्या सोयींमुळे. नक्कल करायचीच असेल तर ती त्यांची करावी.

त्यातली सगळ्यात मोठी सोय म्हणजे रायडर स्विच. एक मूल उंचीत बसत नाही, पण आईबाबा दोघांनाही राइडमध्ये बसायचंय. अशा वेळी सगळ्या कुटुंबाने राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे जायचं आणि रायडर स्विच हवं म्हणून सांगायचं. तो तिकिटं स्कॅन करतो. एकजण साध्या रांगेत लागतो, दुसरा मुलाला घेऊन बाहेर खाऊपिऊ करत थांबतो. पहिला परत आला की दुसरा आखूड रांगेतून थेट आत. मोठं भावंड उंचीत बसत असेल तर त्याला दोघांबरोबर दोनदा बसायला मिळतं. गडबड होते ती दोन ठिकाणी: एकजण आधीच रांगेत घुसतो आणि अर्ध्यातून फोन करतो, किंवा मूल लांब कुठेतरी स्ट्रोलरमध्ये झोपलेलं असतं. मूल समोर दिसल्याशिवाय नोंद होत नाही.

उंची घरीच मोजा, अनवाणी, भिंतीला टाच लावून. किमान उंची अशी: बार्नस्टॉर्मर ही छोटी रोलरकोस्टर ३५ इंचांना, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅश ३८ इंचांना, स्पेस माउंटन आणि फ्लाइट ऑफ पॅसेज ४४ इंचांना. अर्धा इंच कमी असेल तर ती राइड नाहीच असं धरून चाला आणि तिचे व्हिडिओ मुलाला आधी दाखवू नका. महिनाभर स्वप्न रंगवलेल्या मुलाला मोजपट्टीखालून परत फिरवावं लागलं की पुढचे दोन तास कुणाचेच नसतात. हौसेपोटी बुटात जाड सोल घालणारे पालकही दिसतात. हे अजिबात करू नये. सुरक्षेचा दांडा त्या उंचीच्या हिशेबानेच बेतलेला असतो.

आता विकतची लायटनिंग लेन, म्हणजे रांग टाळण्याचा तो पैसे भरायचा पास. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाला वेगळा पास लागतो, म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर चारदा पैसे, आणि दर तारखेनुसार बदलतो. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सातला बुकिंग उघडतं. माझं मत स्पष्ट आहे. डिस्ने वर्ल्डच्या पार्कांपैकी मॅजिक किंग्डममध्ये गर्दीच्या दिवशी घ्या, कारण पीटर पॅनसारख्या उंचीची अट नसलेल्या राइडलाही तिथे लांब रांग लागते. मूल ३८ इंचांच्या आत असेल तर ॲनिमल किंग्डमला घेऊ नका. गेट उघडताच सफारी गाठली की काम झालं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला ना तिकीट लागतं, ना पास. तरीही गर्दीच्या तारखांना एका मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट दीडशे डॉलरच्या वर जातं. त्यामुळे डिस्ने सगळ्यांसाठी आहे असं कुणी म्हणू नये.

खाण्याचं तर उलटंच आहे. भारतात सिनेमागृहात बाहेरचे पदार्थ न्यावेत की नाहीत यावर खटले झाले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाईचा हक्क मालकांना दिला. पिण्याचं पाणी फुकट आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेण्याची मुभा, एवढं मात्र राखलं. डिस्ने वर्ल्डच्या गेटवर दशम्या, पराठे, मऊभाताचा डबा सगळं चालतं. काचेची बाटली आणि सुटा बर्फ चालत नाही, म्हणून डब्याशेजारी गोठवलेले जेल पॅक ठेवा. कोल्ड्रिंकचं मशीन असलेल्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, बाटली विकत घेऊ नका. स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठा नको. ओढायची वॅगन तर गेटवरच अडवतात.

प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असतं. मॅजिक किंग्डममध्ये ते मेन स्ट्रीटच्या किल्ल्याकडच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेसशेजारी आहे. दूध पाजायला स्वतंत्र खोली, डायपर बदलायला स्वच्छ टेबलं, भरवायला उंच खुर्च्या. कल्पना आपल्याला नवी नाही. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेतच. फरक एवढाच की इथला कक्ष उघडा असतो, आणि तिथल्या कुलपांच्या बातम्या येतात. रांगेच्या वादातली निम्मी ताकद त्या कुलपांवर खर्च झाली तरी तान्ही बाळं घेऊन फिरणाऱ्यांचं मोठं काम होईल.

राहिला उन्हाळा. आजी-आजोबा भारतातून येतात नेमके मे ते सप्टेंबरमध्ये, आणि फ्लोरिडात तेव्हा बहुतेक रोज दुपारी वीज-पाऊस. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. मॅजिक किंग्डमचं पार्किंग गेटपाशी नाही; गाडी लावून पुढे मोनोरेल किंवा फेरी, मग आत. त्यात सहज पाऊण तास जातो, तो हिशेबात धरूनच निघा. सकाळी गेट उघडायच्या आधी पोचा, साडेबाराला बाहेर पडा, मुलांना आणि आजी-आजोबांनाही झोपू द्या आणि पाचला परत या. त्याच पार्कात त्याच तिकिटावर पुन्हा जाता येतं. आजीला दिवसभर स्ट्रोलरपाशी बसवून ठेवू नका. तिचंही पूर्ण तिकीट काढलेलं असतं, आणि डम्बो, स्मॉल वर्ल्ड, सफारी या राइडमध्ये ती नातवंडांच्या शेजारीच बसू शकते.