घशातली घरघर आणि दोन थेंब तीर्थ

नमस्कार दादा,

आमच्या हॉस्पिटलला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. आईंचा चार्ट, सिस्टरांच्या नोंदी आणि बिल समोर ठेवून मगच लिहायचं ठरवलं, म्हणून दोन दिवस गेले. तुमचं म्हणणं असं: आई व्हेंटिलेटरवर असताना घशातल्या श्वासाच्या नळीतून घरघर येत होती, पण सिस्टर लवकर आल्या नाहीत. सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना आई तडफडल्या, ऑक्सिजन उतरला. सिद्धेश्वराचं तीर्थ तोंडात घातलं तर सिस्टर अंगावर ओरडल्या. पुढे न्यूमोनिया झाला तेव्हा 'तुमच्या पाण्यामुळेच झाला' असं ऐकून घ्यावं लागलं. आणि बिलात कॅथेटरचेच, म्हणजे कफ ओढायच्या बारीक नळ्यांचेच, एवढे पैसे.

घरघरीचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. आमच्याकडे सक्शन घड्याळ लावून करत नाहीत, कारण दर वेळी श्वासनलिकेचं आतलं नाजूक अस्तर दुखावू शकतं. छातीत किंवा नळीत बेडका वाजू लागला, व्हेंटिलेटरच्या पडद्यावरची रेघ करवतीच्या दातासारखी दिसू लागली, की करायचं. पण नळीतली घरघर हीच तर ती खूण! तुम्ही २ वाजून १० मिनिटांनी बेल वाजवलीत, सक्शनची नोंद २.३५ ची आहे. त्या वेळी नवीन पेशंट आला होता आणि दोन्ही सिस्टर तिकडे होत्या. हे कारण आहे, पण त्याने २५ मिनिटं भरून निघत नाहीत. चूक आमची, माफी मागते. या आठवड्यापासून रात्रपाळीला तिसरी सिस्टर ठेवली आहे.

सक्शन करताना ठसका येतो, चेहरा लाल होतो. कॅथेटर कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढतो, म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरतं. त्यासाठीच आधी अर्धा ते एक मिनिट १०० टक्के ऑक्सिजन देतात आणि एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त ओढत नाहीत. आईंचं ८८ टक्क्यांपर्यंत गेलं आणि परत वर आलं. तुम्हाला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं, कोणी सांगितलं नाही.

आता तीर्थाबद्दल. तुम्ही सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेजवळून अनवाणी आला होतात, हातात छोटी तांब्याची लोटी होती. ती सिस्टरांनी हिसकावली, हे मला फार लागलं. थांबवणं बरोबर होतं, पण अशा रीतीने नाही.

थांबवायचं कारण असं. नळी स्वरयंत्रातून श्वासनलिकेत जाते, त्यामुळे गिळताना जे दार बंद व्हायचं ते उघडंच राहतं. नळीभोवती एक फुगा असतो. तो फार घट्ट केला तर श्वासनलिकेच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतकाच ठेवतात. अशा फुग्याला बारीक सुरकुत्या राहतात. तोंडातलं पाणी, लाळ, वर आलेलं जठरातलं काहीही त्या फुग्यावर साचतं आणि सुरकुत्यांतून थेंबाथेंबाने फुप्फुसात उतरतं. म्हणून डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवायची, मऊ ब्रशने तोंड साफ करायचं, तोंडात साचलेलं वेगळ्या कॅथेटरने ओढायचं. तो कॅथेटर पुन्हा नळीत घालायचा नाही. यापुढे कोणी तीर्थ आणलं तर कपाळाला लावू द्यायचं, असं मी सगळ्यांना सांगितलंय.

पण न्यूमोनिया तुमच्या त्या दोन थेंबांनी झाला, असं म्हणणारा आमचा डॉक्टर चुकला. ४८ तासांच्या पुढे व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटला आपल्याच लाळेतल्या जंतूंनीही न्यूमोनिया होतो, आणि त्या रात्री आमचाही उशीर झाला होता. नेमकं कशाने झालं, हे कोणालाच सांगता येणार नाही. मुलाच्या डोक्यावर असं ओझं ठेवायचा आम्हाला अधिकार नव्हता. दादा, ते मनातून काढून टाका.

बिल तपासलं. श्वासनलिकेचा कॅथेटर एकदा वापरून फेकायचा असतो, म्हणून संख्या मोठी दिसते. पण बिलात ३४ आहेत आणि नोंदी ३१ सक्शनच्या. जास्तीच्या तीन कॅथेटरचे पैसे काउंटरवर परत मिळतील.

रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की घरी आल्यावर आईंना चहा पिताना ठसका लागतो. याकडे दुर्लक्ष करू नका. नळी काढल्यावर काही दिवस गिळणं कमकुवत राहू शकतं आणि पातळ पदार्थ पटकन चुकीच्या वाटेने जातो. तोवर सरळ बसवून, अगदी लहान घोट द्या, झोपवून काही पाजू नका. शक्य तितक्या लवकर त्यांना घेऊन या, गिळण्याची तपासणी करू. ताप आला, धाप लागली किंवा आवाज ओलसर वाटला, तर त्याच रात्री या. या तपासणीचे पैसे घेणार नाही.