‘ऑटिझमच्या मुलांचे दात असेच असतात’ : एका फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा : ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांचे दात जन्मतःच ठिसूळ, ते किडणारच. दुधाचे दात पडणारच असतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. फ्लोराइडच्या पेस्टने आणि किडलेल्या दातात चांदी भरल्याने ऑटिझम वाढतो, त्यापेक्षा लवंगतेल चोळा. या मुलांना दुखणं कळत नाही, रडत नसतील तर सगळं ठीक आहे. आणि दाताचे डॉक्टर भूल देतात, ती मेंदूला घातक. शेवटी अर्थातच ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, दवाखाना दादरला. हा मेसेज मला पेशंटच्या आज्यांनीसुद्धा पाठवलाय, प्रेमाने. मुद्दे वेगवेगळे दिसतात, पण प्रत्येकाचं टोक एकच आहे : दाताच्या डॉक्टरकडे जाऊ नका. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी ठिसूळपणाचं बघू. ऑटिझममुळे दाताचं वरचं कवच मुळातच कच्चं बनतं, असं सिद्ध झालेलं नाही. या मुलांच्या किडीची इतर मुलांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत : कुठे कीड जास्त, कुठे तेवढीच, कुठे चक्क कमी. म्हणजे शोधायचं ते दिवसभराच्या खाण्यात आणि घासण्यात. मूल मऊ भात आणि दुधात बुडवलेलं बिस्किट यांपलीकडे काही खात नाही. घास गालात तासभर धरून ठेवतं. थेरपीत प्रत्येक बरोबर उत्तराला चॉकलेटची गोळी मिळते (थेरपिस्ट मंडळींनो, साबणाचे फुगे आणि स्टिकरही चालतात हो). रात्री झोपताना गोड सिरप, त्यावर चूळही नाही. ‘आम्ही साखर बंद करून गूळ-मध देतो’ असं फार अभिमानाने सांगितलं जातं. किडीच्या जंतूंना त्यातला फरक कळत नाही. फिट येत असतील आणि त्यावर फिनिटॉइन हे औषध चालू असेल तर हिरड्या सुजून दातांवर चढू शकतात. तेही ऑटिझमचं नव्हे, औषधाचं काम. डॉक्टरांना औषधांची चिठ्ठी दाखवा; गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

दुधाचे दात पडतात हे खरं, पण कधी? पुढचे, मूल साधारण सहा-सात वर्षांचं असताना. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ ‘पडेलच’ म्हणून सोडली तर मुलाला पुढची पाच-सहा वर्षं तिच्यासोबत काढायची आहेत. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच नसतो. तीही दुधाचीच समजून दुर्लक्षित होते, आणि ती तर आयुष्यभराची असते.

फ्लोराइडच्या भीतीत थोडं तथ्य मिसळलेलं आहे, म्हणूनच ती पटते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि त्याचा दातांना, हाडांना त्रास होतो. अमेरिकेतल्या एका सरकारी अहवालाने 2024 मध्ये लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध नोंदवला. पण तो निष्कर्ष पाण्याचा आणि बुद्ध्यांकाचा आहे. टूथपेस्टने ऑटिझम होतो किंवा वाढतो, असं त्यात कुठेही नाही. मुंबईचं पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून. ते पावसाचं साठवलेलं पाणी आहे, खोल बोअरचं नव्हे. पेस्टमध्ये साधारण 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइड असतं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची. मुलाला थुंकता येत नसेल तरी एवढी पोटात गेल्याने बिघडत नाही. ट्यूब मात्र हाताला लागेल अशी ठेवू नका. लवंगतेलाचं म्हणाल तर ते मुलाच्या हिरड्या भाजू शकतं, आणि पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी नाही.

खरी अडचण बहुतेक वेळा फ्लोराइडची नसतेच. पेस्ट ‘तिखट’ लागते आणि तोंडभर फेस होतो, त्याची असते. बिनफेसाची, बिनपुदिन्याची पेस्ट मिळते. बेसिनपाशीच घासलं पाहिजे असाही नियम नाही. सोफ्यावर, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून, दिव्याच्या उजेडात घासा. तुम्हाला दात दिसतात आणि मुलाला आरशातल्या उजेडाचा त्रास होत नाही.

चांदीबद्दल थोडक्यात. तिच्यात पारा असतो, हे बरोबर. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या देशांनी 2022 मध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांत ती टाळण्याचं ठरवलं, तेही बरोबर. पण चांदी भरल्याने ऑटिझम होतो याला आधार नाही. आणि दुधाच्या दाढेत आता दातांच्या रंगाचंच सिमेंट भरता येतं, त्यामुळे चांदीच्या भीतीने दाढ तशीच ठेवण्याचं कारण उरत नाही.

आता ‘यांना दुखत नाही’. अख्ख्या मेसेजमध्ये मला सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते. सुई टोचताना ऑटिस्टिक मुलांच्या चेहऱ्यावरच्या हालचाली बारकाईने टिपल्या गेल्या आहेत. वेदना तिथे स्पष्ट दिसते. मूल आपल्या ओळखीच्या पद्धतीने ती सांगत नाही, इतकंच. रडणार नाही, ‘दाढ दुखते’ म्हणणार नाही, बोट दाखवणार नाही. त्याऐवजी एकाच बाजूने चावेल. आवडीचं आइस्क्रीम अचानक ढकलून देईल. कानाशी हात नेत राहील, स्वतःच्या गालावर मारून घेईल, मनगट चावेल, रात्री दोन वाजता उठून बसेल. शाळेतून तक्रार येते की वागणं बिघडलंय. मग थेरपीचे तास वाढतात, कधी शांत राहण्याच्या औषधाचा डोस वाढतो, आणि दाढेच्या मुळाशी पू तसाच असतो. एक आई मला म्हणाली, “डॉक्टर, हा पडला तरी रडत नाही, त्याची दाढ काय दुखणार?” मी म्हटलं, “ताई, तो डावीकडून चावायचा बंद झालाय का, तेवढं बघा.” तिने लगेच आठवून सांगितलं : हो, चपाती आता उजवीकडेच. वागण्यात अचानक बदल दिसला तर डोस वाढवण्याआधी मोबाइलच्या उजेडात तोंड बघा. गाल सुजला असेल आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मूल रात्री कराकरा दात खात असेल तर आजी जंतांचं औषध काढते. जंतांमुळे असं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. दात किती झिजलेत, ते मात्र दाखवून घ्या.

राहिली भूल. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिलेल्या भुलीबद्दल. तान्हेपणी एकदा, तासाभराहून कमी वेळ भूल मिळालेल्या मुलांना पाचव्या वर्षी तपासलं, तेव्हा बुद्धीच्या वाढीत फरक आढळला नाही. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. भूल पूर्ण बिनधोक्याची आहे असं मी म्हणणार नाही. ती हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञाच्या हातूनच द्यायची गोष्ट आहे. पण बहुतेक मुलांना तिची गरजच पडत नाही, लवकर आणलं तर. पहिल्या भेटीत फक्त खुर्चीत बसायचं, दुसऱ्या वेळी आरसा हातात घ्यायचा, तिसऱ्या वेळी दात मोजायचे. छोटी कीड असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाच्या औषधाचा थेंब लावून बिनमशीनने थांबवता येते. डाग काळा पडतो आणि तसाच राहतो, हे आधी सांगून, विचारूनच लावतात. सहा-सात दाढा एकदम सडून आल्या की मात्र भुलीशिवाय इलाज नसतो. म्हणजे भुलीला घाबरवणारा हा मेसेजच मुलांना भुलीच्या टेबलापर्यंत नेतो.

खासगी परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ या आरोग्य विम्यात ऑटिझम येतो, वर्षाला एक लाखापर्यंत. अपॉइंटमेंट घेताना मुलाला ऑटिझम आहे हे आधीच सांगा, शक्यतो गर्दी नसलेली वेळ मागा, आणि त्याचे हेडफोन, गॉगल, रोजचा ब्रश सोबत आणा. ग्लोव्हजची रबरी चव नकोशी वाटत असेल तर तेही सांगा, दुसरे ग्लोव्हज मिळतात.